चावी ॲशट्रेमध्ये होती

हेझलबाई ट्रेगेन्झांनी गाडी विकताना डेस्मंड विटकॉमला तिच्याविषयी फारसं काही सांगितलं नाही. एक गोष्ट मात्र पुन्हापुन्हा बजावली.

"चावी ॲशट्रेमध्येच ठेव हं, बाळा. आमचा क्लेम कायम तिथंच ठेवायचा." क्लेम म्हणजे त्यांचा गेलेला नवरा.

"हो, ठेवतो ना."

"खिशात घालून घरी नेऊ नकोस."

"नाही नेणार."

साठी ओलांडून बरीच वर्षं झालेल्या माणसाला कुणी बाळ म्हटलं की तो विरघळतो. डेसही विरघळला. गाडीचा क्लच घसरत होता, ब्रेक दोन-तीनदा दाबल्याशिवाय जागे होत नव्हते आणि रेडिएटरखाली कायम एक ओला डाग असायचा. "बाकी एकदम ठणठणीत आहे," असं हेझलबाई म्हणाल्या, आणि बाकी काय उरलं हे विचारायचं डेसच्या डोक्यात आलं नाही. गाडी कधीकाळी पांढरी होती. चारही चाकांनी ओढणारी, उंच, ट्रकच्या लहान भावासारखी. किंमत म्हणाल तर एखाद्या बऱ्याशा फ्रिजएवढी. वर समुद्राकाठची पत्र्याची शेडही वापरायला मिळाली. शेडला तीन भिंती होत्या आणि चौथ्या बाजूला समुद्र.

चावीबद्दलचं म्हणणं डेसनं मनापासून पाळलं, याला कारण होतं. विटकॉम जोडपं गेल्या उन्हाळ्यात ॲडलेडहून आमच्या पोर्ट पेनरीत राहायला आलं होतं. ॲडलेडमध्ये डेस पाणी खात्यात नोकरीला होता, आणि त्याच्या गवत कापायच्या मशीनला कुलूप होतं. ते मशीन त्यानं उभ्या आयुष्यात शेजाऱ्याला दिलं नव्हतं, हे ग्लेनिस, म्हणजे त्याची बायको, येईल त्याला सांगायची. इथे आल्यावर डेसनं ठरवलं, आता आपण गावचे. गावात कुणी कुलूप लावत नाही, आपणही लावायचं नाही. रोज गाडी शेडमध्ये लावून चावी ॲशट्रेमध्ये टाकताना त्याची छाती थोडी फुगायची.

आता ही गाडी घेतली कशासाठी, तर फ्रिजवरच्या एका फोटोसाठी. वर्तमानपत्रातलं ते कात्रण होतं: उत्तरेकडच्या वाळवंटातला लेक आयर पाण्यानं भरलेला आणि त्यावर पेलिकन पक्षी, नजर जाईल तिथपर्यंत. तो तलाव एरवी मिठाचं मैदान असतो आणि कित्येक वर्षांतून एकदा भरतो. पहिल्यांदा भरला तेव्हा डेसच्या ऑफिसात वर्षअखेर होती. पुढच्या खेपेला नवा साहेब यायचा होता. त्याच्या पुढच्या खेपेला काय होतं ते त्यालाही आठवत नव्हतं, पण ऑफिसचंच काहीतरी होतं. घरातले फ्रिज बदलत गेले, कात्रण मात्र जुन्यावरून नव्यावर जात राहिलं. ग्लेनिस त्यावरून कधी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं डेसला अलीकडे वाटू लागलं होतं.

यंदा तलावाला पाणी आलं. रस्ता कच्चा, साध्या गाडीला मनाई, आणि पाणी किती आठवडे टिकेल हे पेलिकनांनाच ठाऊक. डेस म्हणाला, "या वेळी जायचंच." ग्लेनिसनं फ्रिजकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे. "बघू," ती म्हणाली.

ते "बघू" डेसला फार लागलं.

त्यानं दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक आणलं, पान्यांचा लखलखीत संच आणला आणि एका सकाळी गाडीचं बॉनेट उघडलं. दोन तास झटून त्यानं रेडिएटरचा फुटका होज, म्हणजे रबरी नळी, काढला. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की आपण नवा आणलेलाच नाही. होज बाकावर ठेवून तो घरी गेला, सूप प्यायला आणि झोपला. दुपारची झोप ही त्याची निवृत्तीतली एकमेव चैन होती. ग्लेनिस त्या वेळात किनाऱ्यावर फिरायला जायची.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला तो शेडमध्ये आला. बॉनेट बंद होतं. उघडून बघतो तर आत नवाकोरा होज, क्लिपा आवळलेल्या, पाणी भरलेलं.

डेसनं बॉनेट बंद करून पुन्हा उघडलं. मग त्यानं बाक बघितला. जुना होज तिथंच होता. म्हणजे काल आपण होज काढला हे खरं. मग हा बसवला कुणी? शेडमध्ये तर आपल्याशिवाय कुणी येत नाही. त्यानं दरवाजा खोलला आणि आत बसायला गेला, तर पाय क्लचपर्यंत पोचेनात. सीट पार मागे गेलेली. आरशात स्वतःच्या चेहऱ्याऐवजी गाडीचं छत दिसत होतं. पेट्रोलचा काटा काल पावावर होता, आज अर्ध्यावर.

तो घरी आला तेव्हा ग्लेनिस म्हणाली, "काय रे, बसला का होज?"

डेसचे वडील साठीनंतर असेच विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग घराचा पत्ता, आणि शेवटी डेस. ग्लेनिसनं ते सगळं जवळून पाहिलं होतं, तेव्हा तिला एवढ्यात घाबरवायचं नाही असं त्यानं ठरवलं.

"बसला," तो म्हणाला. "मी बसवला."

"अच्छा," ग्लेनिस म्हणाली आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

त्यानंतर हे नेहमीचंच होऊन बसलं. डेस सकाळी शेडमध्ये जायचा आणि काल अर्धवट टाकलेलं काम पुरं झालेलं असायचं. ब्रेकचं तेल बदललेलं. पंख्याचा पट्टा नवा. हँडब्रेक, जो हेझलबाईंच्या लग्नापासून चालत नव्हता म्हणतात, तो चालायला लागलेला. सीटचं तर काही विचारू नका. कधी ती पार मागे असायची, कधी इतकी पुढे की गुडघे डॅशबोर्डला टेकावेत. मागच्या हुकाला समुद्रशेवाळ लटकलेलं असायचं. ते वाऱ्यानं आलं असेल असं त्यानं धरून चाललं. पण एकदा डॅशबोर्डच्या कप्प्यात मासा निघाला, आणि वारा कप्पा उघडून आत मासा ठेवत नाही हे पाणी खात्यात नोकरी केलेल्या माणसालाही कळतं.

गावातले लोक त्याच्याशी फार चांगले वागू लागले होते. बेकरीत पेस्टी, म्हणजे खिम्याची मोठी करंजी, घ्यायला गेला की कुणीतरी पाठीवर थाप मारायचं.

"गाडी मस्त ओढतेय हं, डेस."

"हो का?"

"हो म्हणजे काय. क्लेम असता तर खूश झाला असता."

घराच्या दारावर पिशवीत ताजे स्क्विड मासे टांगलेले मिळायचे. ठेवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. डेसला वाटायचं, काय प्रेमळ लोक आहेत. ॲडलेडमध्ये शेजाऱ्यानं इतक्या वर्षांत एक लिंबूही दिलं नव्हतं. शेजाऱ्यालाही डेसकडून गवत कापायचं मशीन मिळालं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

सगळ्यात मोठा घोळ झाला तो क्लचचा. क्लच बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, हे डेसनं पुस्तकात वाचलं, पुस्तक मिटलं आणि तो प्रकरणाच्या नुसत्या नावानं दोन दिवस शेडकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी गेला तेव्हा क्लच बदललेला होता. पेडल लोण्यासारखं खाली जात होतं. तो गाडीत बसून राहिला. घाबरला तर होताच, पण खोटं कशाला बोला, मनात कुठेतरी त्याला स्वतःचा अभिमानही वाटला. आठवत काहीच नाही, पण काम काय सुरेख करतो आपण.

आणि मग माणूस वाहवत जातो तसा तो वाहवत गेला. हार्डवेअरच्या दुकानात एक परगावचा माणूस क्लचचं काहीतरी विचारत होता. डेस मध्ये पडला.

"एकट्यानं जमतं का हो ते?" त्या माणसानं विचारलं.

"मी केलं ना," डेस म्हणाला.

"गिअरबॉक्स कसा उतरवलात? जड असतो फार."

डेसनं थोडा विचार केला. "हे बघा, डोकं मध्ये आणायचं नाही. हात आपोआप चालतात."

त्या माणसानं ते अगदी लक्षपूर्वक ऐकलं. काउंटरमागे बॅरी ट्रेव्हीन उभा होता. आयुष्यभर ट्रक दुरुस्त करून बॅरीनं आता हे दुकान घातलं होतं. त्यानं एकदम खाली वाकून काहीतरी शोधायला घेतलं, आणि डेस बाहेर पडेपर्यंत तो काही वर आला नाही.

इकडे घरात डेसची पत वाढत चालली होती. ग्लेनिस रोज संध्याकाळी हात लिंबानं घासता घासता सगळं विचारायची. तिची नखं काळी दिसायची. बागेत माती फार झालीय, असं ती म्हणायची.

"ब्रेकचं काय झालं रे?"

"केले."

"तूच?"

"मग कोण करणार?"

"आणि क्लच?"

"तोही."

"अवघड गेलं का?"

"सुरुवातीला थोडं," डेस म्हणाला. "पण मग हाताला वळण लागलं."

"वा," ग्लेनिस म्हणाली आणि तोंड पुसायच्या निमित्तानं टॉवेल बराच वेळ तोंडावर धरून ठेवला.

एका रात्री जेवताना तिनं सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "मी त्या ॲडलेडच्या ताफ्याला नाही म्हणून कळवलं."

डेसचा चमचा सूपमध्येच राहिला. ठरलं होतं असं की तलावाकडे सात-आठ गाड्यांच्या ताफ्याबरोबर जायचं. ताफ्यात एक मेकॅनिक असतो, रेडिओ असतो, सगळं असतं.

"नाही म्हणून का कळवलंस?"

"घरात मेकॅनिक असताना बाहेरचा कशाला? आपण दोघंच जाऊ. शांतपणे. पुढच्या मंगळवारी निघायचं."

"दोघंच?"

"का रे? तुझा तुझ्या कामावर विश्वास नाही का?"

डेसनं उरलेलं सूप संपवलं. त्या रात्री छताकडे बघत तो विचार करत राहिला. वाटेवरच्या मरी गावाच्या पुढे वस्ती नाही, फोन लागत नाही. तिथं गाडी बंद पडली तर दुरुस्त करायची आपण. कशी, तर झोपेत. म्हणजे आधी झोप लागली पाहिजे. नाही लागली तर? आणि दुसऱ्या दिवशी आपण ग्लेनिसला ओळखलंच नाही तर? त्या वाळवंटात ती एकटी काय करेल? नाही जायचं म्हणावं तर फ्रिजवरचा फोटो समोर यायचा. चौथ्यांदा नाही म्हणणं त्याच्यानं होणार नव्हतं.

सकाळी उठून तो दवाखान्यात ऱ्होंडाकडे गेला. ऱ्होंडा आमच्या गावची नर्स. डॉक्टर अधूनमधून येतो, पण गाव चालतं ते ऱ्होंडावर.

"माझी उंची मोज," डेस म्हणाला.

"उंची कशाला?"

"कमी-जास्त होतेय."

ऱ्होंडानं पेन खाली ठेवलं. "म्हणजे कमी होतेय की जास्त?"

"एक दिवस कमी. दुसऱ्या दिवशी जास्त. कपड्यांवरून नाही कळत, गाडीत बसलं की कळतं."

तिनं मोजली. उंची होती तेवढीच होती. मग त्यानं आवाज खाली आणून खरी गोष्ट काढली. "ऱ्होंडा, मी कामं करतो आणि मला ती आठवत नाहीत."

"कसली कामं?"

"चांगली. म्हणजे मला जमत नाहीत अशी."

"आणि ती नीट होतात?"

"फार नीट होतात."

"मग माझ्या नवऱ्याला पण हा रोग होऊ दे," ऱ्होंडा म्हणाली. पण त्याचा चेहरा बघून तिनं थट्टा सोडली आणि त्याला आठवणीचे सगळे प्रश्न विचारले. वार, महिना, उलटे आकडे, कालचं जेवण, आजीचं माहेरचं नाव. डेसनं सगळं धडाधड सांगितलं. "डोकं शाबूत आहे तुमचं," ती म्हणाली. "तरी मनात शंका असेल तर एक करा. ही कामं ज्या वेळी होतात असं वाटतं, त्या वेळी झोपू नका. स्वतःकडे लक्ष ठेवा."

डेसला ते पटलं. स्वतःवर पाळत ठेवायची म्हणजे स्वतःपासून लपायला हवं, असं त्यानं मनाशी ठरवलं. हे कसं काय, ते मला विचारू नका. घाबरलेल्या माणसाचा हिशेब वेगळाच असतो. दुपारी सूप पिऊन ग्लेनिस फिरायला बाहेर पडली, तसा तोही मागच्या दारानं निघाला आणि लांबच्या वाटेनं शेडमध्ये पोचला. गाडीच्या मागच्या सीटवर आडवा झाला आणि अंगावर सहलीची घोंगडी ओढून घेतली. आता आपण आलो की आपल्याला दिसूच, या खात्रीनं त्यानं घोंगडीला एक फट ठेवली. बाहेर लाटांचा आवाज एका लयीत येत होता. आत ऊब होती. पोटात सूप होतं.

दहा मिनिटांत तो घोरायला लागला.

जाग आली ती दणका बसल्यानं. डेसनं डोळे उघडले तर खिडकीबाहेर समुद्र. आधी त्याला वाटलं स्वप्न आहे. मग एक लाट दारावर आपटली आणि फटीतून पाणी आत येऊन त्याच्या कानाला लागलं. गाडी उलटी उलटी समुद्रात चालली होती. चालवायच्या सीटवर एक प्रचंड पाठ होती. ती पाठ गावात एकाचीच आहे, टायनी पास्कोची. टायनी म्हणजे चिमुकला. आमच्याकडे ज्याला दारातून वाकून यावं लागतं, त्याला हेच नाव पडतं.

आरशात दोघांची नजरानजर झाली.

"झोप झाली का, डेस?" टायनीनं विचारलं.

"टायनी," डेस म्हणाला. "मी कुठे आहे?"

"समुद्रात."

"मी चालवतोय का गाडी?"

टायनीनं स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे बघून खात्री करून घेतली. "नाही गड्या. मी चालवतोय."

"का?"

"होडी वर ओढायचीय ना. बॅरी धरून उभा आहे तिकडे. ओहोटी थांबते का आपल्यासाठी?"

डेस उठून बसला. डोक्यावर घोंगडी तशीच होती. "पण तू माझी गाडी घेतलीस. न विचारता."

"चावी ॲशट्रेमध्ये होती," टायनी म्हणाला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे चावी ॲशट्रेमध्ये होती."

यापलीकडे टायनीकडे स्पष्टीकरण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आमच्या गावात कुणाकडेच नाही. आमच्याकडे धक्का नाही. होड्या वाळूवरून पाण्यात सोडायच्या आणि वाळूवरूनच वर ओढायच्या. त्याला ओढणारी गाडी लागते, आणि ती क्लेम ट्रेगेन्झाची. पहाटे जो पहिला येईल त्यानं न्यायची, शेवटच्यानं परत लावायची, पेट्रोल ज्याला सुचेल त्यानं भरायचं, मोडलं तर ज्याला येतं त्यानं दुरुस्त करायचं. चावी ॲशट्रेमध्ये असली की गाडी गावाची, खिशात असली की मालकाची. क्लेम गेल्यावर आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो की हा ॲडलेडवाला आता काय करतो. त्यानं पहिल्याच दिवशी चावी ॲशट्रेमध्ये टाकली. त्या संध्याकाळी क्लबात त्याच्या नावानं ग्लास उंचावले गेले. या सांगणाऱ्याचीही एक लहान होडी आहे, म्हणून माहीत.

"थांब," डेस म्हणाला. "मग तो होज?"

"मी बसवला. तू काढून ठेवला होतास, ते बरं केलंस."

"आणि सीट?"

"मला पाय आहेत ना, डेस."

"म्हणजे मी ठीक आहे," डेस म्हणाला. "टायनी, माझं डोकं ठीक आहे." आणि त्यानं समोरची ती प्रचंड पाठ मागून घट्ट धरली. टायनीला काही कळेना, पण पोर्ट पेनरीत माणसाला मिठी मारली तर तो वादळ गेल्यावरच सोडवतो. तो तसाच बसून राहिला.

मग हळूहळू डेसला दुसरी गोष्ट सुचली आणि त्याचे हात सैल पडले. डोकं ठीक आहे म्हणजे झोपेत दुरुस्ती करणारा तो दुसरा डेसही नाही. मंगळवारी वाळवंटात जायचं आहे ते या डेसनं, ज्याला दोन तासांत एक होज काढता येतो.

"ब्रेकही तूच केलेस का?" त्यानं बारीक आवाजात विचारलं.

"छे. ब्रेक ग्लेनिसनं."

"कुठली ग्लेनिस?"

टायनीनं अंगठ्यानं मागची काच दाखवली. काचेपलीकडे गुडघाभर पाण्यात, क्लेमचा जुना निळा डगला आणि रबरी बूट घालून एक बाई उभी होती आणि दोन्ही हातांनी खुणा करत होती. "अजून मागे घे, टायनी. अजून. बास, बास." मग तिची नजर काचेवर गेली. काचेला नाक लावून, डोक्यावर घोंगडी घेतलेला तिचा नवरा तिच्याकडे बघत होता. तिचे हात हवेतच राहिले.

होडी वर आली. बॅरी आणि टायनी अचानक जाळी धुवायला लांब निघून गेले. शेडमध्ये दोघं समोरासमोर बसली. ग्लेनिसच्या नखांत जी बाग होती ती ग्रीस होती, हे डेसला आता दिसत होतं.

"बोल," तो म्हणाला.

"काय बोलू? फिरायला येत होते. टायनी होज बसवत होता, त्याला टॉर्च धरली. दुसऱ्या दिवशी तुला विचारलं तर तू म्हणालास, मी बसवला." ती हसू दाबत होती. "म्हटलं, ठीक आहे. पुरुषांना लागतं असं काहीतरी. मग ब्रेक मीच शिकून केले. बघू म्हटलं, याचंही श्रेय घेतो का. तू घेतलंस. क्लच मी आणि बॅरीनं मिळून बदलला, तर तू हार्डवेअरच्या दुकानात व्याख्यान दिलंस. बॅरी दोन दिवस हसत होता, डेस."

"आणि घरात मेकॅनिक आहे म्हणालीस ते?"

"मी माझ्याबद्दल बोलत होते."

"मला माहीत नव्हतं, ग्लेनिस. यांतलं काहीच. मला वाटायचं मीच करतो आणि विसरतो. बाबांसारखं."

ग्लेनिसचं हसू जागच्या जागी थांबलं. ती उठून त्याच्या शेजारी बाकावर येऊन बसली. "इतके दिवस तू हे मनात घेऊन फिरत होतास?"

"तुला घाबरवायचं नव्हतं."

"वेडा आहेस," ती म्हणाली, आणि ग्रीसचा हात तसाच त्याच्या हातावर ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. आपण इतके दिवस मजा घेत होतो, याचं तिला फार वाईट वाटलं, आणि ते तिनं सांगितलंही. डेसला मात्र कधी नव्हे इतकं हलकं वाटत होतं. काळा पडलेला हात त्यानं पुसला नाही.

"जायचं ना मग मंगळवारी?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं. "मी चालवेन. तू दुरुस्त कर."

या वेळी ती "बघू" म्हणाली नाही.

मंगळवारी गाव शेडपाशी जमलं. बॅरीनं जास्तीचा पट्टा आणि होज दिले, ते ग्लेनिसच्या हातात. ऱ्होंडानं पेस्ट्यांची पिशवी दिली. हेझलबाईंनी गाडीच्या बॉनेटवर हात फिरवला आणि डेसला विचारलं, "चावी कुठे ठेवायची, बाळा?" त्यानं शाळेतल्या पोरासारखं उत्तर दिलं. ती दोघं गेल्यावर तेवढे दिवस आमच्या होड्या वाळूवर पडून होत्या आणि आम्ही सगळे घरी बसून बायकांची बोलणी खात होतो, पण तक्रार कुणी केली नाही.

तलाव होता. पाणी होतं. मरीच्या पुढे एकदा पंख्याचा पट्टा तुटला. ग्लेनिसनं तो बदलला आणि डेसनं टॉर्च धरली, भर दुपारी. शेवटच्या वळणावर वाळूत फसलेली एक कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागचं चाकांवरचं घर, दिसली, तिच्याभोवती चार माणसं फावडी घेऊन उभी होती. डेसनं पुढे नेऊन गाडी थांबवली, सवयीनं चावी ॲशट्रेमध्ये टाकली, आणि दोघं उतरून टेकाडापलीकडे काठापर्यंत चालत गेली.

आकाश कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं, आणि मध्ये पेलिकन होते, कात्रणात होते त्याहून कितीतरी जास्त. ग्लेनिसनं खिशातून ते कात्रण काढलं, एकदा त्याच्याकडे आणि एकदा समोर बघितलं, आणि घडी घालून परत ठेवून दिलं. डेसला तिची माफी मागायची होती, सगळ्या वर्षअखेरींची. त्यानं मागितली. "आलो ना," ती म्हणाली.

थर्मास गाडीतच राहिला म्हणून ती टेकाड चढून मागे गेली, आणि लगेच धावत परत आली.

"डेस, गाडी नाहीय."

"नाहीय?"

"जिथं लावली होती तिथं नाहीय. अरे, सहाशे किलोमीटर आलोय आपण घरापासून. इथं कोण नेणार?"

डेसनं कोट काढून वाळूवर पसरला आणि तिला बसायला जागा केली.

"येईल," तो म्हणाला.